आज्ञापत्रातील शहाणा राजा आणि अविचारी राजा : राज्यविवेकाच्या निकषाची चिकित्सा

प्रास्ताविक

चांगला राजा कोणास म्हणावे आणि वाईट राजा कोणास, हा राजनीतिविचारातील अत्यंत जुना प्रश्न आहे. भारतीय परंपरेत या प्रश्नाचे उत्तर बहुधा राजाच्या शीलात शोधले गेले. काम, क्रोध, लोभ, मान, मद व हर्ष या सहा शत्रूंवर विजय मिळविणारा राजा टिकतो आणि त्यांच्या अधीन होणारा नष्ट होतो, असे कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आरंभीच सांगितले. त्याच्या पुष्ट्यर्थ त्याने दांडक्य, रावण, दुर्योधन अशा राजांची उदाहरणे दिली. पुराणे, कथा-आख्याने आणि लोकमानस यांनीही हीच वाट चोखाळली. राजा सज्जन असेल तर राज्य सुखी आणि दुर्जन असेल तर दुःखी, असे हे सरळ समीकरण आहे.

मराठीतील राजनीतीवरील महत्त्वाचा गद्यग्रंथ म्हणून मान्यता पावलेले 'आज्ञापत्र' या समीकरणाशी पूर्णतः सहमत होत नाही. राजाच्या सद्गुणांची अपेक्षा त्यातही आहे. परंतु शहाणा राजा व अविचारी राजा यांच्यातील खरी सीमारेषा ते निराळ्या ठिकाणी आखते. राजाच्या आजच्या कृतीचा भार उद्या कोणावर पडणार, याचा हिशेब त्याने केला आहे की नाही, हा या ग्रंथाचा मुख्य निकष आहे. अन्याय हा पुष्कळदा क्रूरपणातून जन्मत नाही. तो हिशेब न केल्यामुळे जन्मतो, असे या ग्रंथातील निरनिराळ्या प्रकरणांचे सूत्र दिसून येते. हे सूत्र उलगडणे आणि ते कोठे अपुरे पडते याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आज्ञापत्राची पार्श्वभूमी आणि त्याचे रूप

आज्ञापत्राची रचना इ. स. १७१५ च्या सुमारास झाली. परंपरेने त्याचे कर्तृत्व रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्याकडे दिले जाते. कर्तृत्वाविषयी काही अभ्यासकांनी शंका उपस्थित केल्या आहेत. तथापि ग्रंथातील अनुभवाची जातकुळी पाहता, ज्याने राज्यकारभार प्रत्यक्ष हाकला अशा माणसाचेच हे लेखन असावे, याविषयी दुमत होऊ नये. रामचंद्रपंत १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीकडे जावे लागले. त्या काळात महाराष्ट्रातील कारभाराची सूत्रे 'हुकमतपनाह' या नात्याने रामचंद्रपंतांच्या हाती होती. औरंगजेबाच्या प्रचंड सैन्यापुढे राज्य टिकवून धरणे म्हणजे काय, हे त्यांनी वर्षानुवर्षे अनुभवले होते.

ग्रंथ लिहिला गेला त्या वेळचे चित्र उत्साहवर्धक नव्हते. १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि शाहू महाराजांची सुटका झाली. त्यानंतर मराठी राज्यात सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या निर्माण झाल्या. १७१४ मध्ये कोल्हापुरात सत्तांतर होऊन ताराबाई व त्यांचे पुत्र कैदेत पडले आणि राजसबाईंचे पुत्र दुसरे संभाजी गादीवर आले. या सत्तांतराला अमात्यांची संमती होती, असे मानले जाते. नव्या छत्रपतींचा जन्म १६९८ चा. म्हणजे पाच कारकिर्दी पाहिलेला वृद्ध मंत्री सतरा-अठरा वर्षांच्या राजासाठी लेखणी हाती घेत होता. ग्रंथातील निकडीचे मूळ या परिस्थितीत आहे.

ग्रंथाचे रूपही अर्थपूर्ण आहे. आरंभी शिवाजी महाराजांपासूनच्या राज्यकथेचे निवेदन येते. त्यानंतर राजाचे कर्तव्य, प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, दुर्ग आणि आरमार अशी प्रकरणे येतात. कौटिल्याने सांगितलेल्या स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र या सप्तांगांचा क्रम येथे पाळलेला नाही. ज्या बाबींनी मराठी राज्य उभे राहिले आणि ज्या बाबींनी ते धोक्यात आले, त्या बाबींनीच प्रकरणांची निवड ठरविली आहे. भाषेत संस्कृत समासांच्या शेजारी हवालदार, सबनीस, कारखानीस असे दफ्तरी शब्द सहज नांदतात. शास्त्र आणि दफ्तर यांचा हा मेळ केवळ शैलीचा भाग नाही. राजधर्म हा दफ्तरात उतरला पाहिजे, अशी लेखकाची धारणाच त्यातून प्रकट होते.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की हा उपदेश राजाच्याच नावाने निघालेली आज्ञा म्हणून लिहिलेला आहे. मंत्र्याने राजाला सांगायच्या गोष्टी राजाच्या मुखातून वदविल्या आहेत. राजा येथे आपल्या अधिकाऱ्यांना आज्ञा देतो आणि ती देत असतानाच स्वतःला बांधून घेतो. अविचारी राजाचे वर्णन राजाच्याच शिक्क्याखाली येत असल्यामुळे ते निंदा न ठरता प्रतिज्ञा ठरते. नीतिग्रंथाच्या इतिहासात ही युक्ती साधी वाटली तरी तिच्यामागे मंत्र्याची अडचण दडलेली आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

स्तुती, मनोरंजन आणि प्रधानाचा अंकुश

आज्ञापत्राच्या मते राज्य ही ईश्वराने प्रजेच्या पालनासाठी सोपविलेली ठेव आहे. ती उपभोगाची वस्तू मानणारा राजा प्रजेच्या दुःखाला व ईश्वरी कोपाला सारखाच कारणीभूत होतो. हा विचार परंपरेला धरून आहे. परंतु त्यानंतर येणारी पथ्ये पाहिली म्हणजे लेखकाचे लक्ष राजाच्या अंतःकरणापेक्षा त्याच्या भोवतालाकडे अधिक आहे, हे ध्यानात येते. राजाने स्तुतिपाठकांच्या नादी लागू नये, थट्टामस्करी करणाऱ्यांना जवळीक देऊ नये, दिनचर्या नेमलेली असावी, सेवकांची परीक्षा करून मगच त्यांना कामे सांगावीत, अशा स्वरूपाच्या या सूचना आहेत.

या सूचनांमागील कारण नीतिवादी कमी आणि व्यवहारी अधिक आहे. स्तुतीची सवय लागलेल्या राजाकडे वाईट बातमी पोहोचत नाही. वाईट बातमी वेळेवर न पोहोचणे म्हणजे राज्याच्या हिशेबात खर्चाची बाजू कोरी राहणे होय. अविचारी राजा बुद्धीने मंद असतोच असे नाही. पण त्याच्या कानांवर काय पडावे याचा निर्णय इतरांनी घेतलेला असतो.

येथेच प्रधानाचे स्थान निश्चित होते. प्रधानाचे वर्णन करताना लेखक उपमांची माळ गुंफतो. सत्तेच्या मदातून उसळणाऱ्या अन्यायाला समुद्रकिनाऱ्याप्रमाणे थोपविणारा आणि हत्तीला अंकुश असावा तसा सत्तेला आवरणारा, असे प्रधानाचे चित्र तो रंगवितो. या उपमांचा अर्थ दूरगामी आहे. समुद्र आपणहून थांबत नाही. त्याला किनारा थांबवितो. हत्तीचे बळ मान्य करूनच अंकुशाची योजना करावी लागते. म्हणजेच राजा कितीही चांगला असला तरी सत्तेच्या ठिकाणी मद उत्पन्न होणारच, हे लेखकाने गृहीत धरले आहे. त्यामुळे 'हा राजा सज्जन आहे काय' हा प्रश्न मागे पडतो आणि 'या राजाने स्वतःला नकार देऊ शकेल असा माणूस जवळ ठेवला आहे काय' हा प्रश्न पुढे येतो.

वेतन आणि वतन

हिशेबाचे हे सूत्र सर्वांत ठळकपणे दिसते ते सेवकांच्या वेतनासंबंधीच्या व वतनासंबंधीच्या विवेचनात. सेवकाचे ठरलेले वेतन वेळेवर व बिनतक्रार पोचते करावे. विशेष कामगिरी केल्यास किंवा सेवकाच्या घरी खर्चाचा प्रसंग उद्भवल्यास वेगळे साहाय्य करावे. कामी आलेल्यांच्या कुटुंबांचे पोषण करावे, असे आज्ञापत्र सांगते. हे औदार्य वाटते. परंतु लेखक त्याकडे राज्याच्या सुरक्षिततेचे साधन म्हणून पाहतो. ज्याचे वेतन थकले तो सेवक एक तर शत्रूकडे जातो, नाही तर रयतेकडे वळतो. दोन्ही ठिकाणी राज्याचेच नुकसान होते.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे वतनाची खैरात. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील ही मंडळी नावाला वतनदार असली तरी वस्तुतः लहान लहान राज्यकर्तेच आहेत, असे निदान आज्ञापत्र करते. बळ वाढविणे, शेजाऱ्याचे बळकावणे आणि परचक्र येताच आपले वतन राखण्यासाठी सर्वांआधी शत्रूशी संधान बांधणे, ही त्यांची प्रवृत्ती लेखकाने निर्भीडपणे नोंदविली आहे. म्हणून त्यांना स्नेह आणि धाक या दोहोंच्या मध्ये ठेवावे, मुलूख तोडून नवी वतने देऊ नयेत, असा त्याचा आग्रह आहे. अशा दानाला तो पुण्य मानीत नाही. एका राजाने एका क्षणी दिलेली जमीन पुढील सर्व राजांच्या कोशातून कायमची वजा होते, हा त्याचा युक्तिवाद आहे.

या भूमिकेला इतिहासाचे पाठबळ होते. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे वाडे-हुडे पाडले आणि सेवकांना रोख वेतन देण्यावर भर दिला, असे सभासद बखरीत नमूद आहे. १६८९ नंतर मात्र औरंगजेब वतने व मनसबी देऊन मराठे सरदार फोडू लागला. तेव्हा सरदारांना टिकवून धरण्यासाठी राजाराम महाराजांच्या सरकारलाही वतनांची आश्वासने द्यावी लागली. त्या निर्णयांनी राज्य वाचले, पण राज्याची घडी बदलली. आज्ञापत्राचा लेखक या घडामोडींचा साक्षीदार होता. त्यामुळे वतनाविरुद्धच्या त्याच्या वाक्यांत शास्त्रापेक्षा पश्चात्तापाचा सूर अधिक ऐकू येतो.

औदार्य आणि अविवेक यांच्यातील हा भेद सूक्ष्म आहे. लोकांच्या दृष्टीने वेळेवर पगार देणारा राजा फारसा दानशूर ठरत नाही. गावे इनाम देणारा मात्र कीर्तिमान होतो. आज्ञापत्र ही लोकरूढ प्रतवारी उलटी करते. जो स्वतःच्या खर्चाने देतो तो शहाणा आणि जो आपल्या वारसांच्या खर्चाने देतो तो अविचारी, असा त्याचा कौल आहे.

चारा, झाड आणि पाणी

आज्ञापत्रातील बहुचर्चित भाग म्हणजे आरमाराच्या प्रकरणातील वृक्षतोडीसंबंधीचा आदेश होय. तो आज सर्रास शिवाजी महाराजांचे आज्ञापत्र म्हणून उद्धृत केला जातो. धोरण शिवकाळातून आलेले असू शकते. परंतु शब्द आज्ञापत्रातील आहेत, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आशय असा आहे. गलबतांसाठी सागवानासारखी लाकडे लागतात. ती राज्यातील रानांतून परवानगीने तोडावीत आणि कमी पडल्यास बाहेरून विकत आणावीत. आंबा, फणस ही झाडेही उपयोगाची आहेत. परंतु त्यांना हात लावू नये. कारण ती एक-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या मुलांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याची समजूत घालून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये.

या उताऱ्याकडे बहुधा पर्यावरणदृष्टीचा नमुना म्हणून पाहिले जाते. तसे पाहणे चूक नाही, पण अपुरे आहे. उताऱ्याचा खरा विषय काळ हा आहे. झाड तोडण्याची गरज आजची असते. झाड वाढण्याचा काळ मात्र एका पिढीचा असतो. आरमाराच्या अधिकाऱ्याला लाकडाची घाई असते आणि त्या घाईची किंमत ज्याच्या परसात ते झाड उभे आहे त्याला चुकवावी लागते. एकाला दुःख देऊन साधलेले काम करणाऱ्यासह अल्पकाळात लयाला जाते, अशा आशयाचा निर्वाळा लेखक येथे देतो. दयेचे आवाहन न करता तो परिणामाकडे बोट दाखवितो.

हीच दृष्टी शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात आधीच प्रकट झाली होती. साठविलेला दाणा व चारा पुरवून वापरला नाही तर पावसाळ्यात काही मिळणार नाही. मग घोडी मरतील, उपाशी शिपाई गावात शिरतील, कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजी. रयत गाव सोडून जाईल आणि यांच्यापेक्षा मोगल बरे म्हणू लागेल, अशी कारणपरंपरा त्यात मांडली आहे. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेल्यास आग लागेल आणि सारा चारा जाईल, इतक्या बारीक शक्यतेपर्यंत हे पत्र पोहोचते.

या पत्रातील शिपाई दुष्ट नाही. तो उपाशी आहे, आणि तो उपाशी आहे कारण महिन्यांपूर्वी कोणीतरी चाऱ्याचा हिशेब ठेवला नाही. कुणब्याच्या दारात घडणाऱ्या अन्यायाचे मूळ छावणीच्या कोठारात आहे. शहाणा राज्यकर्ता अन्याय घडल्यावर शिपायाला शिक्षा करण्यावर थांबत नाही. अन्यायाची गरजच पडणार नाही अशी तजवीज तो आधी करतो. न्याय ही निवाड्याच्या दिवशीची गोष्ट नसून साठवणुकीच्या दिवसापासून सुरू होणारी गोष्ट आहे, हा या परंपरेचा मौलिक विचार होय.

दुर्गांच्या प्रकरणातही तोच विचार आहे. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. नसल्यास खडक फोडून टाकी करावीत. एकाच पाण्यावर विसंबू नये, कारण वेढ्यात पाण्याचा खर्च वाढतो आणि तोफांच्या धक्क्याने झरेही आटू शकतात. गडावर उपयोगी झाडे लावून ती राखावीत. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, अशा या सूचना आहेत. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांच्या ठरावीक मुदतीने बदल्या कराव्यात, असाही नियम आहे. राज्याचे सार म्हणून ज्या दुर्गाचा गौरव केला, त्या दुर्गाच्या अधिकाऱ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये, हे त्यातून सूचित होते. विश्वास आणि तपासणी यांत विरोध न मानणे हे या ग्रंथाच्या शहाणपणाचे एक प्रमुख लक्षण आहे.

टोपीकर, आरमार आणि १७५६ चा धडा

सावकार ही राज्याची शोभा आहे. तो परमुलखातील दुर्मीळ वस्तू आणतो आणि अडचणीच्या प्रसंगी कर्ज देतो. म्हणून त्याचा सन्मान करावा, असे सांगणारा हा ग्रंथ टोपीकर व्यापाऱ्यांविषयी मात्र सावधगिरीची भूमिका घेतो. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच हे केवळ व्यापारी नाहीत. त्यांच्या पाठीशी राजसत्ता, आरमार व तोफा आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे, असे निदान येथे आढळते. त्यांना समुद्रकाठी किंवा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. द्यायचीच असल्यास राजापूरसारख्या आतल्या पेठेत द्यावी आणि मजबूत इमारत बांधू देऊ नये, हा त्याचा सल्ला आहे. या सल्ल्यास भविष्यवाणी म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो टाळला पाहिजे. मुंबई, गोवा, वसई येथे जे उघड्या डोळ्यांनी दिसत होते तेच लेखकाने लिहिले. लेखकाचा विशेष इतकाच की दिसलेल्या गोष्टीवरून त्याने नियम बांधला.

हा नियम मोडल्यावर काय होते याचे उदाहरण चार दशकांत घडले. आरमार बाळगणाऱ्याचीच समुद्रावर सत्ता चालते, हे आज्ञापत्राचे दुसरे मोठे प्रतिपादन. तुळाजी आंग्रे आणि बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्यातील वैर विकोपाला गेल्यावर पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या नेतृत्वाखालील इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळून नष्ट झाले.

येथे न्यायबुद्धीने विचार करणे अगत्याचे आहे. तुळाजी आंग्रे निर्दोष नव्हते. मध्यवर्ती सत्तेला न जुमानणाऱ्या सरदाराचा बंदोबस्त करण्याचा अधिकार पेशव्यांना होता. नानासाहेब कारभारात, हिशेबात आणि शहरबांधणीत कुशल होते. त्यांना मूर्ख म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि आज्ञापत्राच्या निकषावर हा निर्णय अविचाराचाच ठरतो. वैर एका सरदाराशी होते. नाश मात्र साऱ्या किनाऱ्याच्या संरक्षणाचा झाला. हुशार माणूसही अविचारी राज्यकर्ता कसा ठरतो, हे या प्रसंगातून कळते. आजच्या शत्रूचा हिशेब केला गेला. उद्याच्या मित्राचा केला गेला नाही.

निकषाच्या मर्यादा

आज्ञापत्राचे मोठेपण मान्य केल्यावर त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही.

पहिली मर्यादा लेखकाच्या स्वतःच्या स्थितीत आहे. वतनांविरुद्ध इतक्या कळकळीने लिहिणाऱ्या अमात्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर पिढ्यान् पिढ्या चालत राहिली. या विसंगतीमुळे ग्रंथाचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. उलट व्यवस्थेचा रोग किती खोल होता, हे कळते. रोगाचे निदान करणारा वैद्यही त्याच रोगाने ग्रासलेला होता. मात्र नियम इतरांसाठी आणि अपवाद स्वतःसाठी, ही प्रवृत्ती शहाण्या राज्यकर्त्यांतही असते, याची दखल ग्रंथ घेत नाही.

दुसरी मर्यादा 'प्रजा' या संकल्पनेची आहे. धर्मविरोधी पाखंडी मतांना राज्यात थारा देऊ नये आणि तशी आढळल्यास शासन करावे, असे आज्ञापत्र सांगते. पाखंड कोणते हे ठरविणार कोण, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. वर्णव्यवस्थेची चौकट गृहीत धरलेल्या या न्यायात आंब्याचे झाड राखले जाते. पण ज्याला झाड लावण्यापुरतीही जमीन नाही अशा माणसाला स्थान दिसत नाही. पुढे महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये राजा व रयत यांच्या मधल्या कामगारवर्गाकडे रयतेच्या बाजूने पाहिले, तेव्हा या चित्राची दुसरी बाजू प्रकाशात आली. आज्ञापत्रात रयतेची काळजी आहे, पण रयतेचा आवाज नाही. झाडाच्या धन्याची संमती घ्यावी, एवढ्या एकाच ठिकाणी तो पुसटसा ऐकू येतो. म्हणूनच तो उतारा इतका अपवादात्मक वाटतो.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलभूत आहे. प्रधान हा अंकुश खरा. पण प्रधानाची नेमणूक आणि बडतर्फी राजाच्याच हाती आहे. हत्तीनेच माहूत निवडायचा आणि हत्तीनेच तो दूर करायचा, असा हा पेच आहे. मॅकियाव्हेलीने १५१३ मध्ये लिहिलेल्या 'द प्रिन्स' या ग्रंथातही हा पेच आला आहे. स्तुतिपाठकांपासून सावध राहण्याचा उपदेश केल्यावर तो मान्य करतो की जो राजा स्वतः शहाणा नाही त्याला चांगला सल्ला मिळूच शकत नाही. याच ग्रंथात तो असेही सुचवितो की प्रजेचा द्वेष ओढवून न घेणे हाच उत्तम किल्ला होय. मॅकियाव्हेली आणि आज्ञापत्रकार यांच्यात काळाचे व संस्कृतीचे अंतर मोठे आहे. तरी दोघेही एकाच भिंतीपाशी येऊन थांबतात. शहाणपण शिकविता येते. पण ते ऐकून घेण्याची इच्छा शिकविता येत नाही.

राजाच्या मुखातून राजालाच आज्ञा देण्याची आज्ञापत्राची युक्ती ही या भिंतीला पाडलेली फट होती. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडून त्याचा शब्द लिहून घ्यावा, असा तो प्रयत्न होता. तो यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. दुसऱ्या संभाजी महाराजांनी १७२७–२८ मध्ये शाहू महाराजांविरुद्ध निजामाची बाजू धरली. पालखेडला बाजीरावाने निजामाची कोंडी केल्यावर तो आधारही गेला. १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरचे राज्य मुख्यतः वारणेच्या दक्षिणेकडील प्रदेशापुरते मर्यादित झाले. राज्यातील दुहीचा लाभ शत्रूच उठवितो, हे ज्या अनुभवातून आज्ञापत्र लिहिले गेले त्याच अनुभवाची पुनरावृत्ती ज्याच्यासाठी ते लिहिले गेले त्या राजाच्या कारकिर्दीत व्हावी, यात या ग्रंथाची शोकांतिका आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. आज्ञापत्रात शहाणा व अविचारी राजा यांच्यातील भेद मुख्यतः सज्जनपणाचा किंवा बुद्धिमत्तेचा नसून आजच्या निर्णयाची किंमत उद्या कोण चुकविणार याच्या जाणिवेचा आहे. वेतन, वतन, वृक्ष, पाणी, टोपीकर या सर्व विषयांना हे एकच सूत्र जोडते.

२. अन्याय हा अव्यवस्थेचा परिणाम असू शकतो, हा विचार शिवकालीन पत्रव्यवहारातून आज्ञापत्रात आलेला दिसतो. न्यायाचा प्रारंभ त्यामुळे न्यायसभेआधी कोठारात आणि दफ्तरात होतो.

३. नकार देऊ शकणारा प्रधान जवळ असणे हे शहाण्या राजाचे लक्षण म्हणून ग्रंथ सांगतो. परंतु त्या प्रधानाला संरक्षण देणारी कोणतीही व्यवस्था तो सुचवू शकत नाही. राजेशाहीच्या चौकटीत ती शक्यही नव्हती.

४. रयत ही या विचारात काळजीचा विषय आहे, हक्काची धारक नाही. शहाणा राजा आणि न्यायी राज्य यांच्यातील अंतर येथेच स्पष्ट होते.

आज राजे नाहीत. पण कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत सत्ता आहे, तिची घाई आहे आणि तिला लागणारे लाकूडही आहे. आज्ञापत्राच्या काळी अंकुश राजाच्या मर्जीवर अवलंबून होता. लोकशाहीत तो संविधान, न्यायालये, वृत्तपत्रे आणि मतदार यांच्या हाती दिलेला आहे. हा फरक मोठा आहे आणि तो जपण्याजोगा आहे. तथापि अंकुश हाती असूनही तो वापरला नाही तर त्याचे मोल उरत नाही. कोणताही निर्णय घेताना हे झाड कोणाच्या परसातले आहे आणि ते वाढायला किती वर्षे लागली, एवढी चौकशी सत्तेने केली आहे काय, हा तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न आजही राज्यकर्त्यांची प्रतवारी लावण्यास पुरेसा आहे.